आधी ह्याला बांधा

आमच्या सोसायटीत प्रवासाची साथ आहे. माणूस निवृत्त झाला की युरोपला जातो, परत आला की सगळ्यांना गच्चीवर बोलावून फोटो दाखवतो, आणि प्रत्येक फोटोत मागच्या इमारतीच्या बरोबर मधोमध स्वतः उभा असतो. मी पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो त्याला चार वर्षं झाली. अजून कुठंच गेलो नाही, म्हणून लोक माझ्याकडं जरा दयेनं बघतात. त्यांच्या माहितीसाठी लिहून ठेवतो की गेल्या हिवाळ्यात मीही एक प्रवास केला. देवगाव रंगारीच्या पुढच्या आमच्या शेतवस्तीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत. अंतर पन्नासेक किलोमीटर, लागलेला वेळ दोन दिवस. प्रवास सरकारी खर्चानं झाला आणि जवळजवळ सगळा आडवं पडून झाला. फोटो एकच आहे. त्यात मी बांधलेला आहे.

वस्ती

माझा धाकटा भाऊ विष्णू वस्तीवर राहतो. कापूस, मका आणि थोडी आद्रक असं शेत आहे आणि ते तो माझ्या वाट्यासकट बघतो. त्याची बायको कमल हिचा एका सकाळी फोन आला. "भाऊजी, ह्यांचं परत सुरू झालं." एवढंच म्हणाली. मी शहरातल्या सिडकोतून निघालो, एसटीनं देवगावला उतरलो आणि पुढं एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून वस्ती गाठली.

विष्णू विहिरीभोवती फिरत होता. घाण्याला जुंपल्यासारखा, एकाच दिशेनं. आठ दिवस झोपला नव्हता. तीन दिवस जेवला नव्हता, कारण भाकरीत कुणीतरी औषध कालवतंय असं त्याला वाटत होतं. मोबाईल आपोआप बोलतो म्हणून त्यानं तो विहिरीत टाकला होता. मला पाहून थांबला, बघितलं आणि परत फिरायला लागला. यात आजाराचा काही भाग नव्हता. शुद्धीवर असतानाही तो गेली तीन वर्षं माझ्याशी असाच वागत होता.

याचं कारण सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा प्रवास कळणार नाही. तीन वर्षांपूर्वी त्याला पहिल्यांदा हा झटका आला, तेव्हा शहाणा मोठा भाऊ म्हणून निर्णय मी घेतला होता. आमचा चुलतभाऊ बाबासाहेब याची जीप होती. गोठ्यात बैलाचं दावं होतं. त्या दाव्यानं विष्णूचे हातपाय बांधले. शेवटची गाठ मी मारली. त्याला जीपच्या मागच्या भागात झोपवलं, मी पुढं बसलो, आणि देवगावच्या स्टँडवर बाबासाहेबनं डिझेल भरलं तेवढ्या वेळात अर्धा गाव जीपमध्ये डोकावून गेला. औषधानं विष्णू दीड महिन्यात बरा झाला. घरी आला, कापूस वेचला, आद्रक काढली, माझ्या वाट्याचे पैसे वेळेवर पाठवले. फक्त मला दादा म्हणायचं त्यानं सोडलं. मी गेलो की कमलला सांगायचा, "त्यांना पाणी दे." आमच्यात भांडण झालंच नाही, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं. मला त्या गाठीची लाज वाटायची आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

या वेळी वेचणीच्या दिवसांत गुंगी येते म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या, आणि मी पोचलो तेव्हा बाबासाहेबची जीप खळ्यात उभी होती. बोनेटवर दावं होतं. बाबासाहेब वाईट माणूस नाही. त्याला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता, आणि आमच्याकडं कुणालाच ठाऊक नसतो. साप चावला तर गाडीला फोन जातो, बाई अडली तर फोन जातो. माणसाचं डोकं फिरलं तर जीप, दावं आणि चार चुलतभाऊ. नंतर कुणी विचारलं तर घरचे सांगतात, पुण्याला लग्नाला गेलेत.

"दावं नको," मी म्हणालो.

"मग काय पालखी आणायची?" बाबासाहेब म्हणाला. "तो विहिरीला चकरा मारू राहिला दादा. एक पाय घसरला की खेळ खलास."

"सरकारी गाडी आणतो."

"येड्याला सरकार गाडी देतंय व्हय?"

"देतं."

त्यानं माझ्याकडं विष्णूकडं बघावं तसं बघितलं. "उद्या दुपारपर्यंत वाट बघतो," म्हणाला. "नाय आली तर दावं हायच." मग तो विहिरीच्या काठावर, विष्णू आणि पाणी यांच्या मधे, तंबाखू मळत बसला. रात्रभर तो तिथून हलला नाही, हेही लिहायला पाहिजे.

दवाखाना

निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही, पण परिपत्रकं वाचायची सवय जात नाही. मानसिक आजाराचा झटका आलेल्या माणसाला इतर रुग्णांसारखीच सरकारी रुग्णवाहिका मिळावी, त्याचा खर्च सरकारनं करावा आणि त्याला दोरानं बांधू नये, असं एक परिपत्रक मी वाचलेलं होतं. त्याची घडी खिशात घालून मी जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. माणसं भली होती, त्यांच्या नोकऱ्या टिकोत.

डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी परिपत्रक वाचलं, कपाट उघडलं आणि तळातून एक कोरं रजिस्टर काढून त्यावरची धूळ झटकली.

"तरतूद आहे, सर," त्या म्हणाल्या. "मी आल्यापासून कुणी मागितलीच नाही. मार्चला पैसे परत जातात."

"का मागत नाहीत?"

"दारात रुग्णवाहिका उभी राहिली की सगळ्यांना कळतं ना. जीप उभी राहिली तर लग्नाला गेले म्हणता येतं."

न वापरलेले पैसे मार्चला परत पाठवणं हे काम मी चौतीस वर्षं केलं आहे, त्यामुळं मला तिथं घरच्यासारखं वाटलं. मॅडमनी शहरातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला, विष्णूची सगळी हकीकत सांगितली, खाट आहे का विचारलं. मी अर्ज भरला. रुग्णाचा मोबाईल क्रमांक या रकान्याशी थबकलो, कारण रुग्णाचा मोबाईल विहिरीत होता. माझा लिहिला.

"एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "गाडी निघताना ड्रायव्हरला फोटो पाठवावा लागतो. स्ट्रेचरवर माणूस, तिन्ही पट्टे लावलेले. फोटो नसेल तर फेरी मंजूर होत नाही आणि डिझेल ड्रायव्हरच्या अंगावर पडतं."

"परिपत्रकात बांधू नये असं लिहिलंय."

"पट्टा म्हणजे बांधणं नव्हे, सर. ती सुरक्षा."

"हे विष्णूला कोण सांगणार?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मला चहा मागवला. या दोन अटी दोन वेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोन लिपिकांनी लिहिल्या असणार, हे मला तिथंच कळलं. मीही अशा खोलीत बसलेलो आहे. दुसऱ्या खोलीत काय चाललंय हे विचारायला कुणी उठत नाही.

निघणं

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पांढरी गाडी वस्तीवर आली. भोंगा न वाजवता आली, ही ड्रायव्हरची समज. त्यांचं नाव गफ्फारभाई. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, शहरातलेच. ते औरंगाबाद म्हणत होते, माझ्या कागदावर छत्रपती संभाजीनगर होतं, आणि रस्ता एकच होता. सोबतच्या सिस्टरना ऐनवेळी लसीकरणाला जावं लागलं होतं, म्हणून मागं नातेवाइकानंच बसायचं होतं.

"सलाम पाटील," गफ्फारभाई विष्णूला म्हणाले. "चलो, शहर घूम के आयेंगे."

विष्णू चकरा थांबवून गाडीपाशी आला. बराच वेळ आत बघत उभा राहिला. स्ट्रेचरच्या दोन्ही बाजूंनी काळे पट्टे लोंबत होते. ते त्याला दिसले आणि तो मागं सरकला, एकेक पाऊल, विहिरीच्या दिशेनं. बाबासाहेबनं बोनेटवरचं दावं उचललं. मी दोघांच्या मधे गेलो.

"विष्णू, तुला कुणी बांधणार नाही. मी शब्द देतो."

माझ्या शब्दाला काय किंमत होती ते मला माहीत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. गफ्फारभाईंना म्हणाला, "आधी ह्याला बांधा."

त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"ह्याला बांधा," विष्णू परत म्हणाला. "मंग मी बसतो."

गफ्फारभाईंनी माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या मोबाईलकडं. "साब," ते हळूच म्हणाले, "फोटो में आदमी होना, पट्टा होना. कौनसा आदमी, वो कुछ लिखेला नै."

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केली नाही. ही खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. मी चप्पल काढली आणि स्ट्रेचरवर आडवा झालो. पट्टे विष्णूनं स्वतः लावले. आधी पायावरचा, मग कमरेवरचा, हात आत घेऊन, मग छातीवरचा. छातीवरचा लावून झाल्यावर त्यानं तो पुन्हा एकदा ओढला. गफ्फारभाईंनी फोटो काढला आणि नेटवर्कसाठी हात वर करून कडब्याच्या गंजीवर चढले. फोटो गेला. फेरी मंजूर झाली. विष्णू आत येऊन माझ्या शेजारच्या बाकावर बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा.

कमलनं भाकरी आणि ठेच्याची पिशवी आत ठेवली. नवऱ्याकडं बघत राहिली. शेवटी मला म्हणाली, "भाऊजी, जपून जा." बाबासाहेब दावं हातात घेऊन उभा होता. गाडी वळली तेव्हा तो ते गुंडाळायला लागला.

वेरूळच्या रस्त्यानं

आडवं पडून प्रवास केलेल्या लोकांनी वर्णनं लिहिलेली माझ्या वाचनात नाहीत, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. डोकं पुढच्या बाजूला असतं, पाय मागच्या दाराकडं. दाराच्या काचेतून गेलेला रस्ता दिसतो, येणारा दिसत नाही. झाडांचे फक्त शेंडे दिसतात. चढ आला की माणूस पायाकडं सरकतो आणि उतार आला की रक्त डोक्यात येतं, त्यामुळं भूगोल अंगाला कळतो. देवगाव कधी गेलं ते मला तळणाच्या वासावरून कळलं.

देवगाव सुटल्यावर मी हाक मारली, "गफ्फारभाई, फोटो झाला ना? सोडा आता." त्यांनी कडेला गाडी लावली. पायाचा पट्टा सुटला. छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल मात्र जाम बसलं होतं. त्यांनी दाबलं, ठोकलं, पकड आणून ओढलं. कमरेचा पट्टा त्याच बक्कलात घातलेला, म्हणून हातही आतच राहिले.

"बैठ गया साब. काटना पडेगा."

"मग कापा."

"सरकारी माल है. काटा तो रिपोर्ट लिखना पडता, तीन कॉपी में."

मला हे पटलं, ही माझी खोड. तीन प्रतींतला अहवाल रस्त्याच्या कडेला होत नाही. शहरात जाऊन बघू, असं ठरलं. विष्णू हे सगळं अगदी लक्ष देऊन बघत होता. नऊ दिवसांत त्याला लक्ष देण्यासारखं पहिल्यांदाच काही मिळालं असावं.

कसाबखेड्याच्या आसपास माझं नाक खाजायला लागलं. हात बांधलेल्या माणसाचं नाक खाजणं ही मोठी गोष्ट आहे. मी नाक मुरडलं, तोंड वाकडं केलं, मान खांद्याकडं नेऊन पाहिली. विष्णू बघत होता.

"मला माशी बसली व्हती," तो म्हणाला.

तीन वर्षांतलं हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"तवा. जीपमधी. डोळ्यावर. देवगाव ते शहर बसली व्हती."

"मला सांगायचं होतंस."

"तोंडात रुमाल व्हता," तो म्हणाला. "अन् तू पुढं बसला व्हता."

रुमालाचं मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. गाठ आठवत होती, रुमाल नाही. छताला एक दिवा होता, त्याच्याकडं बघत मी पडून राहिलो आणि डोळ्यांतून पाणी कानात गेलं, कारण आडवं असताना ते तिकडंच जातं. विष्णूनं खांद्यावरच्या टॉवेलचं टोक घेतलं आणि माझं नाक पुसलं. जोरात पुसलं, वासराचं पुसतात तसं. खाज गेली.

वेरूळला गफ्फारभाई चहाला थांबले. जगभरातून माणसं येऊन ज्या लेण्यांपुढं तोंड उघडं टाकतात, त्यांच्या वरचं आभाळ मी पाहिलं. निळं होतं आणि त्यात दोन घारी होत्या. गफ्फारभाईंनी हवा यावी म्हणून मागचं दार उघडून ठेवलं आणि ते टपरीकडं गेले. विष्णू उठला, खाली उतरला आणि चालायला लागला.

पायांच्या मधून मला तो दिसत होता. घृष्णेश्वराला आलेल्या गर्दीतून, उभ्या बसगाड्यांच्या रांगेकडं. मी ओरडलो असतो तर लोक धावले असते, त्याला धरलं असतं, आणि धरल्यावर लोक काय करतात हे मला ठाऊक आहे. न ओरडलो असतो तर तो डोंगरात, तलावात, कुठंही गेला असता. मी त्याच्या जिवासाठी एवढा कधी घाबरलो नव्हतो. विहिरीपाशीही नाही, कारण तिथं निदान मी उभा तरी होतो. तो बसगाड्यांच्या मागं गेला आणि दिसेनासा झाला. मी ओरडलो नाही. यात धीर किती आणि गोंधळ किती ते सांगता येत नाही.

चार-पाच मिनिटांनी तो परत आला, पायरीवर चप्पल झटकली आणि बाकावर बसला.

"मुतायला गेलो व्हतो," म्हणाला. आणि मग, "बोंबलला नाय तू."

"नाही."

"हं," विष्णू म्हणाला.

दौलताबादचा दरवाजा

खुलताबादचा चढ मी पायांकडं सरकत केला आणि दौलताबादचा उतार रक्त डोक्यात घेऊन. किल्ल्यापाशी रस्ता जुन्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच गाडी मावते, आणि दोन्हीकडच्या गाड्यांना आपणच ती एक आहोत असं वाटतं. त्या दिवशी कापसाचा टेम्पो दरवाजात अडकला होता. पुढच्या बाजूला भोंग्यांचा कालवा चालला होता. गफ्फारभाईंनी आपला भोंगा वाजवायला हात नेला, आरशात विष्णूकडं बघितलं आणि हात परत घेतला. पाऊण तास आम्ही तिथं होतो.

गाड्या थांबल्या की पेरूवाल्या बायका येतात. एक म्हातारी पाटी कमरेवर घेऊन मागच्या दाराशी आली. बांधलेला मी आणि बसलेला विष्णू, असं तिनं पाहिलं आणि तिला जे समजायचं ते समजलं.

"कोण हाय तुमचा?" तिनं विष्णूला विचारलं.

"भाऊ."

"थोरला?"

"व्हय."

"लई दिवसांपासून हाय का असं?"

विष्णूनं माझ्याकडं बघितलं. "तीन वर्सं झाली," म्हणाला.

"माझ्या दिराचं असंच व्हतं," म्हातारी म्हणाली. "जीव लावा त्याला. हाणू नका." तिनं पाटीतला एक पिकलेला पेरू उचलून विष्णूच्या हातात ठेवला. तो खिशात हात घालायला लागला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्याला चारा." आणि पुढच्या गाडीकडं गेली.

घरच्या भाकरीत औषध होतं, पण अनोळखी बाईनं झाडावरून तोडलेल्या पेरूत ते कसं असणार, याचा विष्णू विचार करत असावा. त्यानं पेरू दाबून दोन भाग केले. आतून लाल निघाला. एक भाग त्यानं माझ्या तोंडापाशी धरला. मी खाल्ला. आडवं पडून पेरू खाऊ नये. बी घशात गेलं, मला ठसका लागला आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आली. विष्णूनं मानेखाली हात घालून माझं डोकं उचललं आणि खांद्यामागं दोन बुक्क्या घातल्या.

मग तो थांबून राहिला. माझ्याकडं टक लावून बघत. मी मरतो की काय हे तो बघतोय हे मला कळलं, म्हणून मी होईल तेवढं जिवंत दिसायचा प्रयत्न केला. टेम्पो दरवाजातून सुटेपर्यंत मी मेलो नाही. तेव्हा विष्णूनं उरलेला अर्धा पेरू खाल्ला. देठासकट. मग कमलची पिशवी उघडली, भाकरीचा तुकडा मोडला, ठेचा लावला आणि माझ्या तोंडाशी धरला. शहर येईपर्यंत मी अशी एक भाकरी चाखली आणि त्यानं दीड खाल्ली. ठेचा तिखट होता आणि पाणी मला आडव्यानं पिता येत नव्हतं. तरी एवढं चांगलं जेवण मला आठवत नाही.

शहर

शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गाडी लागली, दार उघडलं, आणि दोन माणसांनी स्ट्रेचर सराईतपणे ओढून आत नेलं. मी सांगायचा प्रयत्न केला की रुग्ण मी नाही. असं सांगणारी माणसं त्यांच्याकडं रोज येत असणार. "हो काका, हो," म्हणत त्यांनी मला पंख्याखाली लावलं.

डॉक्टर आले. बुटके, शांत. त्यांनी विष्णूला विचारलं, "पेशंटसोबत तुम्ही?"

"व्हय. भाऊ हाय त्याचा."

"काय त्रास होतो यांना?"

विष्णूनं विचार केला. "झोप नाय," म्हणाला.

"किती दिवस?"

"तीन वर्सं. ह्यानं भावाला दाव्यानं बांधून आणलं व्हतं. तो भाऊ म्हंजी मीच. तवापासून रातीला उठून बसतो म्हने. वयनीनं आमच्या मंडळीला सांगितलं."

हे कुणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. माझी बायको कमलला सांगेल, कमल त्याला सांगेल, आणि तो ते इतके दिवस आपल्याजवळ ठेवेल, हे तर मुळीच नाही. मी पंख्याकडं बघत राहिलो.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग विष्णूच्या सुजलेल्या पायांकडं आणि तांबारलेल्या डोळ्यांकडं. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि विष्णूच्या समोर बसले.

"आणि तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला झोप लागते?"

"मला नऊ दिवस झाले," विष्णू म्हणाला, आणि मग सगळं सांगायला लागला.

माझा पट्टा वॉर्डातल्या मावशींनी प्लास्टर कापायच्या कात्रीनं कापला. गफ्फारभाईंनी त्यांच्याकडून 'रुग्णाच्या हितासाठी कापला' असं तीन प्रतींत लिहून घेतलं आणि सही मागितली. मी साक्षीदार म्हणून केली. ते जाताना विष्णूला म्हणाले, "पाटील, वापस आयेंगे तो मिलना." माझ्याशी त्यांनी हात मिळवला आणि म्हणाले, "साब, ऐसा पेशंट नै देखा."

मागच्या वेळी भरतीच्या कागदावर सही माझी होती. या वेळी डॉक्टरांनी कागद विष्णूपुढं ठेवला, मजकूर वाचून दाखवला, आणि सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाले. विष्णूनं बराच वेळ घेतला. दार बंद असतं का, विचारलं. पट्टे असतात का, विचारलं. मग सही केली. त्याची सही माझ्यापेक्षा चांगली आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी निघालो तेव्हा वॉर्डात जेवणाची गाडी आली होती. वरण, भात, कोबीची भाजी. दारापर्यंत गेलो तर मागून आवाज आला.

"दादा, जेवून जा."

मला चाखायला बोलावलं की जेवायला, ते मी विचारलं नाही. जाऊन बसलो. त्यानं ताट माझ्याकडं सरकवलं. वरणात मीठ कमी होतं.

परत

सरकारी तरतूद एकाच दिशेची आहे. माणसाला नेण्याचा खर्च मिळतो, सोबत आलेल्यानं परत कसं जायचं याचा विचार तिसऱ्या खोलीत होणार असेल. मी सिटी बसनं घरी गेलो. सोसायटीच्या गेटवर युरोपवाले भेटले. छातीवर शर्ट चुरगळलेला बघून त्यांनी विचारलं, कुठं गेला होतात? लग्नाला, असं तोंडावर आलं होतं. भावाला दवाखान्यात घेऊन गेलो होतो, म्हणालो. कसल्या? तेही सांगितलं.

विष्णू पाच आठवड्यांनी घरी आला. गोळ्या घेतो. गुंगी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ बदलून दिली. देवगावच्या एका घरानं परवा डॉक्टर मॅडमकडं गाडी मागितली, असं बाबासाहेबनं सांगितलं. अर्ज भरायला तोच गेला होता.

या प्रवासाचं एक शेपूट राहिलं आहे. सरकारी फेरीनं गेलेल्या रुग्णाला दर महिन्याला फोन येतो. अर्जात नंबर माझा, फोटो माझा, म्हणून तो मला येतो. पहिल्यांदा मी त्या मुलीला सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "काका, समोर फोटो दिसतोय तुमचा." तेव्हापासून मी उत्तरं देतो.

मागच्या महिन्यात फोन आला तेव्हा मी वस्तीवर होतो. विष्णू शेजारी बसून आद्रकीची माती झाडत होता. मी फोन मोठ्या आवाजावर लावला. झोप लागते का? लागते, मी म्हणालो. जेवण जातं का? जातं. गोळ्या चालू आहेत का? विष्णूनं मान हलवली. आहेत, मी म्हणालो.

"घरात कुणी मारतं का, कोंडून ठेवतं का, बांधून ठेवतं का?"

हा प्रश्न प्रत्येक वेळी असतो आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणून पुढं जातो. या वेळी शेजारी विष्णू होता. त्याचा हात थांबला. मुलगी हॅलो, हॅलो करत होती.

"सांग तिला," विष्णू म्हणाला, आणि पुढची आद्रक उचलली. "म्हनावं, आता नाय."

"आता नाही," मी म्हणालो. तिनं लिहून घेतलं.